हिराजी तांडेलाची साक्ष

"मॅडम, तुमचा तो कळंबवाला पळाला."

कोर्टाच्या व्हरांड्यात हवालदारसाहेबांनी मला ही बातमी दिली तेव्हा माझ्या एका हातात चहा होता आणि दुसऱ्या हातात भलत्याच केसचे पेपर. 'पळाला' हा शब्द पोलिसांच्या तोंडी फार स्वस्त असतो. माणूस लघवीला गेला तरी यांच्या लेखी तो पळालेला असतो.

"पळाला म्हणजे? तो काय कोठडीत होता? सेंटरमध्ये होता, आपल्या मर्जीने होता."

"तेच सांगतोय. सेंटरमधून गेला. त्यांचा रिपोर्ट आलाय. आमचे साहेब म्हणतात, केस पुन्हा चालू करा."

मी चहा तसाच कट्ट्यावर ठेवला. तो नंतर कुणी प्यायला देव जाणे.

मी वसई कोर्टात वकिली करते. कायदेशीर मदतीच्या पॅनलवर आहे. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार वकील देतं, तो वकील म्हणजे मी. माहेर मालवणचं, राहते बोळिंजला. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तो बराच येणार आहे.

तर कळंबवाला म्हणजे जयेश, आमच्या वसईकडच्या किनाऱ्यावरच्या कळंब गावचा. बाप हिराजी तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा कप्तान. आडनावही तेच आणि काम पण तेच. जयेश पंचविशीच्या आतबाहेरचा, दिसायला गोड, आणि एमडीच्या पार आहारी गेलेला. एमडी म्हणजे केमिकलची पावडर. आमच्या भागात ती आता वडापावासारखी सहज मिळते असं लोक म्हणतात. मी म्हणते, वडापावाला निदान रांग तरी असते. नालासोपाऱ्याला एका गल्लीच्या तोंडावर पोलिसांनी त्याला पकडलं. खिशात एक पुडी, स्वतःपुरती.

आता इथे थोडा कायदा सांगावा लागेल, जांभई देऊ नका. अंमली पदार्थांच्या कायद्यात माल किती सापडला यावर गुन्ह्याची पायरी ठरते. पोतंभर सापडला तर वेगळी शिक्षा, पुडी सापडली तर वेगळी. पुडीवाल्याची पायरी सगळ्यात खालची. अशा पोराला कोर्टाच्या व्हरांड्यात एकच सल्ला मिळतो: गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. कोर्टाचं ओझं कमी, पोलिसांचं काम कमी, वकिलाची दुपार मोकळी. पोरगं बाहेर पडतं ते गुन्हेगाराचा शिक्का घेऊन आणि संध्याकाळी पुन्हा त्याच गल्लीत जातं. शिक्का बसल्यावर नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून पुन्हा पुडी. हे चक्र मी इतक्या वेळा बघितलंय की मला आता त्याचा वीट आलाय.

पण त्याच कायद्यात एक कलम आहे, चौसष्ट-अ. ते म्हणतं, स्वतः सेवन करणारा माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, आणि ते त्याने घेतले, तर त्याच्यावर खटला चालवायचा नाही. आजाऱ्याला आजाऱ्यासारखं वागवा, इतकंच. हे कलम पुस्तकात कधीपासून पडून आहे. बाहेर फारसं कुणी काढत नाही, कारण ते काढणं कटकटीचं आहे. अलीकडे वरून थोडं वारं बदललंय. सेवन करणारा वेगळा आणि विकणारा वेगळा, सेवन करणाऱ्याला उपचार द्या, असं सभांमधून, प्रशिक्षणांमधून बोललं जातं. आम्हा पॅनलवाल्यांनाही बोलावून सांगितलं. चांगला डबा पण दिला. बोलणं वरून खाली यायला वेळ लागतो, पण येतं.

या कलमाला एक शेपूट आहे. उपचार अर्धवट सोडले तर दिलेली सूट काढून घेता येते. खटला पुन्हा उभा राहतो.

जयेशच्या बाबतीत मी हे कलम काढलं. सरकारी वकिलांनी तोंड वाकडं केलं, पण मॅजिस्ट्रेटसाहेब तरुण होते, यवतमाळकडचे, आणि त्यांना पुस्तक उघडायचा कंटाळा नव्हता. त्यांनी परवानगी दिली. विरारच्या पूर्वेला डोंगराकडच्या बाजूला एक सरकारमान्य सेंटर आहे, तिथे जयेश दाखल झाला.

त्याआधी जामिनाच्या वेळी एक प्रकार घडला तो सांगते. जामीन म्हणजे कुणीतरी जबाबदार माणसाने पुढे येऊन म्हणायचं, मी याला तारखेला हजर करीन. साधारणपणे बाप येतो. हिराजीकाका कोर्टात आले होते. पांढरी टोपी, पांढरा सदरा, उन्हाने रापलेला चेहरा. मी म्हटलं, "काका, या, सही करा."

ते म्हणाले, "मी याचा जामीन नाय."

"अहो, मुलगा आहे तुमचा."

"यानं माझं जाळं विकलं, वकीलबाय. पुडीपायी. जाळं विकनाऱ्याचा मी बाप नाय."

आणि व्हरांड्यातल्या बाकावर पाठ करून बसले. गेले मात्र नाहीत. शेवटी अर्नाळ्याहून मामाला बोलावलं. बिचारा मामा धापा टाकत आला, सही केली, आणि पोराला घेऊन गेला. बाप मागून वीस पावलांवर चालत होता. मी माझ्या नवऱ्याला घरी सांगितलं तर तो म्हणाला, नुसता राग असता तर घरीच बसला असता. माझा नवरा क्वचित बरोबर असतो, तेव्हा होता.

सेंटरमध्ये जयेश सुधारत होता. पहिले दिवस फार वाईट गेले, ते डॉक्टरीणबाईंनीच मला सांगितलं. नंतर झोप लागायला लागली, जेवायला लागला. मी एकदा भेटायला गेले तर गाल भरलेले. बाकीच्या पेशंटना दोऱ्यांच्या गाठी शिकवत बसला होता. आई, लक्ष्मीबाय, दर भेटीच्या दिवशी यायची. बाप एकदाही आला नव्हता. जयेश विचारायचा नाही, पण दार वाजलं की मान वळायची.

आणि उपचार संपत आले असताना हा रिपोर्ट. मजकूर असा: पेशंट सुटीच्या दिवशी सकाळी परवानगीविना बाहेर गेला, गेट बंद होईपर्यंत परतला नाही, सबब नियमानुसार डिस्चार्ज. अर्थात उपचार अपूर्ण. अर्थात सूट रद्द. अर्थात माझ्या एवढ्या खटपटीचा बट्ट्याबोळ.

मी स्कूटर काढली आणि तडक सेंटरवर गेले.

गेटवर वॉचमन रामसूरत. मला बघून उभाच राहिला. मी म्हटलं, "काय रे, पोरगा गेला कसा?"

"मॅडम, उसका बाप आया था."

"कोण?"

"बाप. सफेद टोपी. बोला, मेरे बेटे को ले जाता हूँ, सूरज डूबने से पहले वापस लाऊंगा. मेरी जबान है."

मी रामसूरतकडे बघतच राहिले. जो माणूस पोराचा जामीन राहायला तयार नव्हता, तो या गेटवर येऊन शब्द देऊन गेला होता. डॉक्टरीणबाई सुटीवर, समाजसेविकेचा फोन लागेना, आणि पेशंट मर्जीने आलेला, त्याला कुलूप घालून ठेवता येत नाही. रामसूरत म्हणाला, "मैं भी बाप हूँ, मॅडम." त्याने सोडलं.

"मग? आला नाही?"

"आया ना! आया!" रामसूरत कळवळून म्हणाला. "लेकिन अंधेरा होने के बाद. गेट बंद करने का ऑर्डर. पूरा भीगा हुआ, कमर तक कीचड. मैं बोला, सुबह डॉक्टर मॅडम आएगी. वो सामने चाय की टपरी पे बैठा रहा. सुबह तक वहीं था."

सकाळी डिस्चार्ज तयार झाला. लघवीची तपासणीही कुणी केली नाही. ती केली असती तर माझं निम्मं काम झालं असतं. डॉक्टरीणबाईंना मी चार शब्द सुनावले. त्यांनी मला पाच सुनावले. त्या म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा नसेल तर उद्या प्रत्येकाचा बाप येईल." बाई काही चुकीचं बोलत नव्हती. म्हणूनच मला जास्त राग आला.

तिथून कळंब. किनाऱ्यावर नवी कोरी होडी नांगरलेली, निळी-पिवळी, झेंडूच्या माळा अजून सुकायच्या होत्या. मग मला प्रकार कळला. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आली होती. हिराजीकाकांची नवी होडी किनाऱ्यावर बांधून तयार होती. अशी होडी पाण्यात लोटायची तर उधाणाची मोठी भरती लागते, तेव्हाच पाणी वर होडीपर्यंत येतं. ती चुकली तर पुढच्या उधाणापर्यंत थांबा. आणि त्यांच्या घरात रीत अशी की होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा थोरल्या मुलाने पुढच्या टोकाला उभं राहून नारळ फोडायचा. थोरला म्हणजे जयेश. दुसऱ्या कुणाच्या हातून नारळ फोडून घ्यायला काका तयार होईनात. धाकट्याला सांगा, पुतण्याला सांगा, सगळे सांगून थकले. शेवटी सकाळी एकटेच उठले, रिक्षा केली आणि विरारला गेले.

"ते ठीक," मी म्हटलं. "मग सूर्य मावळायच्या आत पोहोचवला का नाही?"

"इंजिन बिघडलं," हिराजीकाका म्हणाले.

जयेश बाजूला उभा होता. "हो मॅडम. इंजिन बिघडलं."

लक्ष्मीबाय म्हणाली, "इंजिन बिघडलं, बाय."

होडीवर जे खलाशी होते त्यांना बोलावलं. खलाशी म्हणजे होडीवर काम करणारे. चौघं आले. चौघांनी एकामागून एक तेच सांगितलं. इंजिन बिघडलं. त्यातल्या म्हाताऱ्या काशिनाथला मी विचारलं, "काय झालं इंजिनाला?" तो म्हणाला, "बिघडलं."

आता मी इतकी वर्षं साक्षीदार तपासतेय. खरं बोलणारे चार लोक चार तऱ्हेने बोलतात. एकाला धूर दिसतो, दुसऱ्याला आवाज येतो, तिसरा म्हणतो मी तंबाखू मळत होतो, मला काय ठाऊक. चौघांच्या तोंडून एकच वाक्य आलं की समजावं, ते वाक्य घरी बसवलेलं आहे.

मी किनाऱ्यावर उभी राहून ओरडायला सुरुवात केली. "नवीन होडी, नवीन इंजिन, बिघडलं? आणि त्या दिवशी गावातल्या सगळ्या होड्या आसपास होत्या ना? एकानेही दोर टाकून ओढलं नाही? सरकारी वकील मला हे विचारणार तेव्हा मी काय सांगू? ते म्हणतील, इंजिनाचं खोटं आहे, पोरगा उतरून पुडी आणायला गेला! मग बसा इंजिन कवटाळून!"

जाळी विणणारी माणसं हात थांबवून बघायला लागली. हिराजीकाका समुद्राकडे बघत राहिले. जयेशने मान खाली घातली. मी तणतणत स्कूटरकडे गेले.

लक्ष्मीबाय मागोमाग आली. पदर तोंडाशी धरला आणि हळूच म्हणाली, "बाय, होडी रुतली."

"काय?"

"वाळूवर चढली. ओहोटीला. यांनीच चढवली."

मला क्षणभर कळेना. हिराजी तांडेल म्हणजे कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत नाव असलेला माणूस. भरती कधी फिरते, वाळू कुठे वर येते, हे त्याला झोपेत विचारा. आणि या माणसाने स्वतःची नवी होडी, पहिल्या दिवशी, भर दुपारी, गावासमोर वाळूत घातली!

"कोनी बोलायचं नाय, असं ठरलंय," ती म्हणाली. "नवी होडी पयल्या दिवशी रुतली म्हनजे वाईट. बोललं तर खलाशी मिळनार नाय, लोक नावं ठेवतील. सगळ्यांनी बघितलं, पन कोनी बोललं नाय."

म्हणजे अख्ख्या कळंबला माहीत, फक्त कोर्टाला माहीत नाही. आणि कोर्टाला ते कळलं नाही तर पोरावर खटला. मी लक्ष्मीबायला विचारलं, "आणि तू मला का सांगितलंस?"

"होडी दुसरी बांधता येते," ती म्हणाली आणि परत गेली.

मी काकांना निरोप पाठवला: तारखेला कोर्टात या, आणि इंजिन घरी ठेवून या. उत्तर आलं नाही. जयेशला मी ऑफिसात बोलावून घेतलं, दार लावलं. "खरं सांग. तुला सोडवायची किल्ली त्यात आहे. इंजिनाचं खोटं पकडलं गेलं की तुझं बाकीचं खरंही कुणी मानणार नाही."

तो म्हणाला, "मॅडम, मी पप्पांचं जाळं विकलं. आता त्यांचं नाव पण विकू?"

मला त्याच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही गोष्टी वकिलाला शोभत नाहीत. मी त्याला बिस्कीट दिलं.

तारीख आली. कोर्टात मागची बाकं भरलेली. कळंबहून पंधरा-वीस माणसं आलेली, बायकांनी केसांत फुलं माळलेली, जशी काही साखरपुड्याला आली होती. हिराजीकाका सगळ्यात पुढे, टोपी हातात. मामाही आला होता. चौकीवरचे हवालदारसाहेब माझ्याकडे बघून हसले, मी नाही हसले.

सरकारी वकील उठले. चांगले गृहस्थ, पण बोलताना शब्द चावून बोलतात. "युवर ऑनर, आरोपीने उपचार सोडले. दुपारपासून रात्रीपर्यंत तो कुठे होता याचा पत्ता नाही. पोलिसांनी गावात विचारलं तर म्हणे इंजिन बिघडलं. माझी विनंती आहे, सूट रद्द करावी."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बोला, मॅडम."

मी म्हटलं, "सर, आरोपीचे वडील हजर आहेत. त्यांना शपथेवर विचारावं."

हे मी बोलले खरं, पण ते काय बोलतील हे मला माहीत नव्हतं. साक्षीदार काय बोलेल हे माहीत नसताना त्याला पिंजऱ्यात उभा करू नये, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पण दुसरा इलाज नव्हता.

हिराजीकाका पिंजऱ्यात चढले. शपथ घेतली. साहेबांनीच विचारलं, "तुम्ही मुलाला घेऊन गेलात?"

"हो साहेब. शब्द देऊन आनला."

"मग वेळेत का नाही पोहोचवला? इंजिन बिघडलं होतं?"

मागच्या बाकावर काशिनाथ म्हातारा खाली बघत होता. काकांनी एकदा जयेशकडे बघितलं. जयेशने मानेने 'नको' म्हणून सांगितलं. मला स्पष्ट दिसलं.

"इंजिन चांगलं हाय साहेब," हिराजीकाका म्हणाले. "होडी रुतली. वाळूवर. मीच घातली."

मागे कोणीतरी "अरे देवा" म्हणालं.

यवतमाळच्या साहेबांना यात इतकं मोठं काय आहे ते कळलं नाही. "रुतली म्हणजे? अपघात झाला?"

"अपघात नाय. पानी उतरत व्हतं. मला फिरवायला पायजे व्हती. नाय फिरवली."

सरकारी वकील म्हणाले, "तुम्ही तांडेल आहात म्हणता ना? एवढी वर्षं समुद्रावर आहात. पाणी उतरतंय हे दिसलं नाही?"

हिराजीकाकांनी टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"पान्याकडे बघितलंच नाय, साहेब," ते म्हणाले. "हा पुढं उभा व्हता. नारळ फोडला, वळून हसला. लई दिवसांनी हसला. मी त्याच्याकडंच बघत व्हतो."

सरकारी वकील उभे होते ते बसले. मी पेपरांत डोकं घातलं, कारण माझे डोळे भरले होते आणि मला ते हवालदारसाहेबांना दाखवायचे नव्हते.

मग मागून काशिनाथ उठला. कोर्टात असं मधेच उठून बोलायचं नसतं, पण त्याला कोण सांगणार. "साहेब, लिवून घ्या. आमीबी नाय बघितलं पानी. आमीबी पोराकडंच बघत व्हतो." दुसरा खलाशी म्हणाला, "मीबी." शिपाई "शांतता, शांतता" करायला लागला. साहेबांनी त्याला हातानेच थांबवलं.

मग त्यांनी जयेशला विचारलं, "होडी अडकली. मग तू काय केलंस?"

"आधी सगळ्यांबरोबर होडी ढकलत राहिलो, सर. ऊन उतरायला लागलं तसा निघालो. पाणी कमरेएवढं होतं, मग चिखल. चालत किनाऱ्यावर आलो. रिक्षा पकडली. रिक्षावाल्याने सीटवर पेपर टाकून बसवलं."

"घरी का नाही गेलास? कपडे तरी बदलले असतेस. आणि ती गल्ली तर वाटेतच लागते ना?"

"लागते, सर. त्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सिग्नलला थांबली पण. पण सूर्य मावळत आलेला. पप्पांनी वॉचमनला शब्द दिलेला. माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदाच कुणाला शब्द दिला. तो मोडला असता ना."

मी उठले. माझा युक्तिवाद लांबलचक तयार होता. मी फक्त एवढंच म्हटलं, "सर, कलम म्हणतं उपचार पूर्ण केले पाहिजेत. उपचार सोडून जाणारा माणूस ओल्या कपड्यांनी बंद गेटसमोर सकाळपर्यंत बसत नाही. हा सोडून गेला नव्हता, याला उशीर झाला. उशिराला पण सूट रद्द करायची असेल तर या कोर्टातल्या निम्म्या वकिलांच्या सनदा जातील."

साहेब हसले नाहीत, पण पेन खाली ठेवलं. रिपोर्टासाठी बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, परत घ्याल का. त्या म्हणाल्या, "घेऊ. पण नियम नियम आहे. शेवटचा टप्पा पहिल्यापासून करावा लागेल. आणि आज तपासणी होईल, रोज होईल." साहेब म्हणाले, व्हायलाच पाहिजे. सूट रद्द करायचा अर्ज त्यांनी फेटाळला. उपचार पूर्ण झाल्याचा दाखला आला की प्रकरण बंद. तोपर्यंत पोराने बाहेर पडायचं नाही, होडी असो नाहीतर लग्न असो.

"आणि याची हमी कोण घेणार?" साहेबांनी विचारलं. "मागच्या वेळी कोण जामीन होतं?"

सवयीने मामा उठला. सदऱ्याच्या खिशातून आधार कार्ड काढून त्याने हातात धरलंच होतं.

हिराजीकाका अजून पिंजऱ्यातच होते. त्यांना उतरायला कुणी सांगितलंच नव्हतं. तिथूनच ते मामाला म्हणाले, "तू बस खाली." मग साहेबांकडे वळले. "लिवा साहेब. हिराजी तांडेल. मी याचा बाप. मी जामीन."

जयेशने उपचार पूर्ण केले. दाखला आला, प्रकरण बंद झालं, शिक्का बसला नाही. तो आता त्याच होडीवर असतो. सगळं गोडगोड झालं असं मात्र सांगणार नाही. मध्ये एकदा तो घसरला. हा आजार असाच आहे, बरा होता होता पुन्हा डोकं वर काढतो. पण त्या वेळी त्याने आपणहून बापाला सांगितलं, आणि बाप दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला घेऊन सेंटरच्या गेटवर हजर. रामसूरतने गेट अजून उघडलंही नव्हतं. होडीला काहीही झालेलं नाही. खलाशीही सगळे तेच आहेत. पहिल्या दिवशी रुतली त्याबद्दल आता गावात उघड चेष्टा चालते, आणि काका ती ऐकून घेतात, असं लक्ष्मीबाय सांगते.

माझ्याकडे आता अशी प्रकरणं बरीच येतात. व्हरांड्यातले तरुण वकीलही ते कलम विचारायला येतात. मी त्यांना कायदा समजावते, शेपटासकट. पण नव्या अशिलाला मी पहिला प्रश्न कायद्याचा विचारत नाही. विचारते, घरी तुझ्याकडे बघणारं कोण आहे? त्या माणसाला आधी ऑफिसात बसवते, सेंटरचे नियम समजावते, गेट कधी बंद होतं ते सांगते. आणि माणूस किनाऱ्यावरचा असेल तर हेही विचारून ठेवते, की येत्या उधाणाला घरात होडी लोटायची आहे का.